साखरेची सवत

मी बोलतेय ती एका बोटभर लांबीच्या काचेच्या नळीतून, तेव्हा जरा बुचाला कान लावा. आधीच सांगून टाकते, मी साखर नाही. दिसते तिच्यासारखी, लागते तिच्या अडीचशे पट गोड, पण तिचं माझं काडीचं नातं नाही. कारखान्यात माझं नाव डल्सिन ठेवलं होतं. काशीत बालाजी घाटावरच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे मात्र त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. घरच्या अन्नपूर्णाबाई मला नुसतं 'ती' म्हणायच्या, सवतीला म्हणतात तसं.

माझ्या जन्माची हकीगत सांगायला मला लाज वाटत नाही, पण तुम्ही जेवत असाल तर ताट बाजूला सारा. माझी आई युरिया. ती तुम्हा प्रत्येकाच्या देहात रोज तयार होते, आणि रोज सकाळी तुम्ही तिला कुठे सोडून येता ते मी चारचौघांत बोलत नाही. जिवंत देहाशिवाय ती व्हायचीच नाही, त्याला प्राण लागतो, असं युरोपातले विद्वान छातीठोकपणे सांगत. मग एका जर्मन रसायनज्ञाने ती काचेच्या भांड्यात करून दाखवली. त्यात ना मूत्रपिंड होतं, ना माणूस, ना कुत्रं. विद्वानांची तोंडं काही दिवस बंद झाली. विद्वानांचं असं अधूनमधून व्हावं, असं आमच्या घराण्यात तेव्हापासून मानतात.

वडील डांबराच्या कुळातले. दगडी कोळसा भाजून दिव्यांसाठी वायू काढला की खाली काळं, चिकट, वास मारणारं डांबर उरतं. पूर्वी ते फेकून देत. पुढे त्यातूनच तुमच्या शालूंचे रंग निघाले, तापावरची औषधं निघाली. त्या कुळातल्या फेनेटिडीनशी माझ्या आईची गाठ घातली, दोघांना पाण्यात बराच वेळ उकळलं, आणि त्या लग्नातून अमोनिया तेवढा डोळ्यांना पाणी आणत बाहेर पडला. भांडं निवल्यावर तळाशी मी होते. पांढऱ्या, चकचकीत, बारीक सुया. मूत्र आणि डांबर यांच्या पोटी इतकं गोड लेकरू येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

माझे गुण थोडे, अवगुण पुष्कळ. थंड पाण्यात मी विरघळायला कां कूं करते, गरम दुधात मात्र चटकन उतरते. माझा पाक होत नाही, तार येत नाही, लाडू वळत नाही. पोटात गेल्यावर मी कणभर ताकद देत नाही. जिभेला गोड बोलायचं आणि चालू पडायचं, एवढंच मला येतं. माझ्या माहेरी कुत्र्यांना मला भरपूर चारून पाहिलं तेव्हा ती आजारी पडली, हेही सांगते. मागाहून तुम्ही मला दोष द्यायला नको.

जर्मनीहून आगबोटीने कलकत्ता, तिथून रेल्वेने काशी, असा प्रवास करून मी चौकातल्या एका बंगाली डॉक्टरच्या कपाटात येऊन पडले. तिथून मला अन्नपूर्णाबाईंनी नेलं. का नेलं, ते कळायला त्यांचे यजमान कळले पाहिजेत.

वेणीमाधवशास्त्री हे काशीच्या मराठी वस्तीतलं मोठं प्रस्थ. पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आलेले. कुणाला सुतक किती, कुणाची एकादशी कधी, श्राद्धाच्या पिंडाला मांजराने तोंड लावलं तर पुढे काय, असल्या प्रश्नांवर शास्त्रीबुवा निर्णय देत. समोरचा माणूस हात जोडून, घाबरून बसलेला असे, आणि शास्त्रीबुवा डोळे मिटून त्याला थोडा वेळ तसाच ठेवत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते फक्त आणखी एका वेळी दिसे, जिलबीचं ताट पुढे आल्यावर. पंगतीत वाढपी थकावेत आणि शास्त्रीबुवांनी 'अजून येऊ द्या' म्हणावं, ही त्यांची ख्याती पार अमृतराव घाटापर्यंत होती.

मग एके दिवशी घरातल्या मोरीला मुंग्या लागल्या. शास्त्रीबुवा जिथे बसत तिथेच नेमकी रांग. वैद्यांनी मोरी पाहिली, मुंग्या पाहिल्या, नाडी पाहायचीही तसदी घेतली नाही, आणि मधुमेह म्हणून सांगितलं. त्यातच खडावेच्या खुंटीने अंगठ्याजवळ जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाला, गोड सुटलं नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाय, मग शास्त्रीबुवा.

काशीत एक रीत आहे. इथे आलं की गंगेत काहीतरी सोडायचं. भाजी, फळ, काहीही, पण आवडतं असलं पाहिजे. मग ते जन्मभर खायचं नाही. यात्रेकरू मोठ्या भक्तिभावाने येतात आणि कारलं सोडून जातात. शास्त्रीबुवांनी स्वतः तरुणपणी दुधी भोपळा सोडला होता आणि त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी ही रीतच त्यांच्या गळ्यात घातली. कार्तिकातल्या स्नानाला घाटावर सगळी मराठी मंडळी जमलेली असताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, गूळ-साखर सोडणार म्हणत होतात ना? आज मुहूर्तही चांगला आहे."

शास्त्रीबुवा असं काहीही म्हणाले नव्हते. पण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, इतक्या लोकांसमोर, नाही कसं म्हणणार? त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, संकल्प केला, उसाचं म्हणून जे जे असेल ते सोडलं. लोकांनी वाहवा केली.

आता घरातल्या बाळकृष्णाला रोज बासुंदीचा नैवेद्य असे. दुपारी अन्नपूर्णाबाई पुराण ऐकायला घाटावर गेल्या की वाटीतली बासुंदी खाली जाऊ लागली. त्यांनी विचारलं तेव्हा शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता म्हणाले, "मांजर असेल."

"मांजर मलाई खातं, मग जखम तुमची का चिघळते?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. शास्त्रीबुवांनी पान उलटलं.

त्या तडक डॉक्टरकडे गेल्या. देवाचा नैवेद्य बंद करवत नव्हता, नवऱ्याला चोर म्हणवत नव्हतं. डॉक्टरने कपाटातून मला काढलं. "माईजी, पंडितजी को रोकना मेरे बस का नहीं. चीनी की जगह यह डालिए. चुटकी भी नहीं, चावल की कनी जितनी, बस." मग तो भला माणूस माझी सगळी वंशावळ सांगत बसला. अन्नपूर्णाबाईंनी आईचं नाव ऐकलं आणि नळी पदराने धरली, पण खाली ठेवली नाही.

पहिल्या दिवशी त्यांचा हात सुटला आणि बासुंदी अशी झाली की थेंब चाखून त्यांनाच ठसका लागला. दुसऱ्या दिवशी बेत जमला. वाटी देवापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "थोडे दिवस चालवून घे रे बाबा. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." बाळकृष्ण पितळेचा होता. त्याने तक्रार केली नाही.

आणि दुपारी मी पहिल्यांदा शास्त्रीबुवांच्या जिभेवर गेले. काय सांगू! डोळे मिटले, देवाकडे पाहून कानाला हात लावले, पुन्हा वाटी तोंडाला. पापाची चव त्यांना इतकी आवडत होती की ते पाप नाहीच, हे कळलं असतं तर कदाचित निम्मी गोडी गेली असती. मग उपरण्याने तोंड पुसून त्यांनी झाकण होतं तसं ठेवलं. रोजचा हा परिपाठ झाला.

माझ्यात ना साखर, ना तिचं काही. हळूहळू मोरीतल्या मुंग्या निघून गेल्या. उन्हाळा सरता सरता अंगठ्याची जखम भरली. अन्नपूर्णाबाईंनी डॉक्टरकडे पेढे पाठवले, साखरेचे. शास्त्रीबुवांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला ते पाय दाखवत. "हे व्रताचं बळ! गंगेत सोडलं म्हणजे सोडलं. जिभेवर ताबा हवा." त्याच जिभेवर तासाभरापूर्वी मी बसून आलेली असे. मला हसू यायचं, पण कुणी ऐकायला नव्हतं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. श्रावणात ती संपली.

वस्तीतल्या एका छोट्या अन्नछत्रात सीताबाई नावाच्या विधवा बाई स्वयंपाक करत. कोकणातून यात्रेला आल्या होत्या, नवरा इथेच वारला, परत जायला कुणी उरलं नाही. छत्रात एक खोली आणि दोन वेळचं अन्न, एवढा त्यांचा संसार. नवऱ्याच्या मागे त्यांनी गंगेत गूळ-साखर सोडली होती आणि सोडली म्हणजे खरंच सोडली होती. त्या आणि अन्नपूर्णाबाई रोज बरोबर स्नानाला जात, येताना निर्माल्यापासून सुनांपर्यंत सगळ्या गोष्टी बोलत.

श्रावणात छत्रात मदतीला पुण्याकडचा नवा आचारी आला. त्याने आपल्या सवयीने आमटीत गुळाचा खडा टाकला. सगळे जेवून गेल्यावर सीताबाई पानावर बसल्या, भात कालवला, दोन घास घेतले आणि थांबल्या. उठल्या, चूळ भरली, आणि गपचूप राहायचं सोडून स्वतःच बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्या तोंडात गूळ गेला हो. आता काय करू?"

हे विचारलं, तेच चुकलं. छत्राचा कारभार विश्वेश्वरभट पाहत. त्यांच्या मेहुण्याला कधीपासून त्या स्वयंपाकघरात शिरायचं होतं. त्यांनी प्रकरण शास्त्रीबुवांपुढे आणलं. सीताबाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, नेहमीप्रमाणे वेळ घेतला आणि म्हणाले, "मनात काय होतं हे विचारायचं कारण नाही. जिभेला काय लागलं तेवढं पाहायचं. लागलं, की व्रत मोडलं. प्रायश्चित्त होईतो यांच्या हातचं छत्रात कुणी जेवू नये."

प्रायश्चित्तात ब्राह्मणभोजन होतं. सीताबाईंकडे एक लुगडं अंगावर आणि एक दांडीवर. त्यांनी मान खाली घातली आणि खोलीतलं गाठोडं उचललं. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात जागा दिली. कार्तिकातल्या सभेत मेहुण्याला कायम करायचं ठरलं. तसं झालं की सीताबाईंना घाटावर भीक मागणाऱ्या विधवांच्या रांगेत बसण्यावाचून गत नव्हती, कारण दुसऱ्याच्या घरी फुकट खायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आणि निर्णय दिला त्याच दुपारी शास्त्रीबुवा हातपाय धुऊन देवघरात आले आणि त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं. 'लागलं, की मोडलं' हे ज्या जिभेने म्हटलं, तिच्यावर मी पुन्हा पसरले. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या गोडपणाची किळस आली.

अन्नपूर्णाबाईंनी विनवण्या केल्या, अबोला धरला, भांडी आपटली. "शास्त्र आहे, त्याला मी काय करू?" एवढंच उत्तर. तेवढ्यात युरोपात लढाई पेटली. डॉक्टरने हात वर केले. "जर्मनी से अब कुछ नहीं आएगा, माईजी." नळीचा तळ दिसू लागला होता. खरं सांगावं तर लागणारच होतं. अन्नपूर्णाबाईंनी दिवस निवडला सभेचा.

सभा त्यांच्याच बैठकीत भरायची होती. शास्त्रीबुवा रेशमी उपरणं घेऊन निघाले, तेव्हा आतून हाक आली.

"अहो, जरा आत या."

"आता बखत नाही. मंडळी येतील."

"बासुंदी खाऊन जा."

शास्त्रीबुवा उंबऱ्यात थबकले. "कुठली बासुंदी?"

"रोज मांजर खातं ती."

ते आत आले. अन्नपूर्णाबाईंनी पाट मांडला होता. वाटी नव्हती, नळी होती. "वर्षभर तुम्ही जे चोरून खाल्लंत, त्यात साखरेचा कण नव्हता. ही होती."

"काहीतरीच! मला साखर कळत नाही?"

अन्नपूर्णाबाईंनी फरशीवर दोन थेंब टाकले. एक साखरेच्या पाण्याचा, एक माझ्या. शास्त्रीबुवांनी दोन्ही बोटाने चाखले, दोन्ही गोड. मग दोघे नवरा-बायको उकिडवे बसून राहिले. भिंतीच्या कडेने एक मुंगी आली, तिच्यामागे दुसरी. माझ्याजवळ आल्या, मिशा हलवल्या, वळल्या आणि साखरेच्या थेंबाभोवती गोळा झाल्या. शास्त्रीबुवा बघत राहिले.

मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं व्रत..."

"मोडलं नाही."

"मोडलंच नाही!" शास्त्रीबुवा ताडकन उठले, बऱ्या झालेल्या पायावर त्यांनी जवळजवळ उडी मारली. "अगं, तू साध्वी आहेस! वर्षभर मनाला खात होतं. म्हणजे जिभेला उसाचं काही लागलंच नाही!"

"नाही लागलं. सीताबाईंना लागलं." अन्नपूर्णाबाईंचा आवाज शांत होता. "त्यांनी नकळत खाल्लं, कळल्यावर थुंकलं, वर स्वतः सांगितलं. तुम्ही जाणूनबुजून रोज चोरलंत आणि लोकांना पाय दाखवलात. तुमच्या न्यायाने तुम्ही सोवळे, त्या ओवळ्या. जा, सांगा सभेत."

शास्त्रीबुवा पाटावर बसले. "आणि मनात काय होतं ते विचारायचं ठरवलं तर?"

"तर त्या सोवळ्या."

"आणि मी?"

अन्नपूर्णाबाई फडक्याने फरशी पुसू लागल्या. हे त्यांनी तरी कशाला सांगायचं? शास्त्रीबुवा अंगठ्याकडे पाहत राहिले. पंडिताला एक वेळ पाप परवडतं. आपला निर्णय चुकला हे म्हणणं त्याला परवडत नाही. मला वाटलं, हा गृहस्थ आता उठेल आणि सोवळा होऊन बाहेर जाईल. मी त्यांना वर्षभर जिभेवरून ओळखत होते.

ते उठले, मी कशापासून होते ते अन्नपूर्णाबाईंकडून नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरात दूध किती आहे?"

सभेला केशर-वेलचीचं दूध आलं. गरम, वाफाळलेलं. मी त्यात होते, भांड्याभांड्यात. दाराआड अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या आणि मागे सीताबाई; सीताबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगायला हवं, याच मंडळींनी मागे ठराव केला होता की विलायती साखर हाडांच्या कोळशाने गाळतात, ती भ्रष्ट, देशी खांड, म्हणजे आपल्याकडची कच्ची साखरच, खावी. विश्वेश्वरभटांनी भांडं रिकामं केलं, ओठ चाटले आणि म्हणाले, "वा! देशी खांड ती देशी खांड. विलायतीला हा स्वाद यायचा नाही."

"आणखी घ्या," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी घेतलं. शास्त्रीबुवांनी स्वतःही आपलं भांडं संपवलं; त्यांनी गूळ-साखर सोडलीय हे त्या गोडीत कुणाला आठवलं नाही.

मग विषय निघाला. विश्वेश्वरभट म्हणाले, "निर्णय आपलाच आहे. मनातलं विचारायचं नाही, जिभेला लागलं की मोडलं. आता छत्राला कायमचा माणूस हवा."

"बरोबर," शास्त्रीबुवा म्हणाले. "माझा निर्णय सर्वांना सारखा लागू, नाही का?"

"अर्थात!" सगळे म्हणाले.

"मग आता पुढची व्यवस्था ठरवू. दुधात खांड नव्हती. जर्मनीच्या कारखान्यातली एक पूड होती. डांबरापासून करतात, आणि..." शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, वेळ घेतला, "आणि मूत्रातल्या एका द्रव्यापासून."

काय तो गोंधळ! एक म्हातारे भटजी मोरीकडे धावले. कुणी घशात बोटं घातली, कुणी शिवशिव म्हणत जानवं कानावर चढवलं. कोपऱ्यातून एकाने आशेने विचारलं, "निदान गाईचं तरी?"

"कुणाचंच नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "ते द्रव्यही कारखान्यातच करतात."

"तुम्हीसुद्धा प्यायलात!" विश्वेश्वरभट ओरडले.

"प्यायलो. जाणून प्यायलो. तुम्ही नकळत. पण मनातलं विचारायचं नाही असं ठरलंय. तेव्हा सीताबाईंना सांगितलेलं प्रायश्चित्त आपल्या सगळ्यांना. अडचण एवढीच, की त्यात ब्राह्मणभोजन आहे आणि शुद्ध ब्राह्मण आता या वस्तीत कुणी उरला नाही. पुण्याला तार करावी लागेल."

क्षणभर मोरीतल्या ओकाऱ्या सोडून काही ऐकू येईना. मग विश्वेश्वरभटांना अचानक शास्त्र आठवलं. केवढं आठवलं! एकामागून एक वचनं. नकळत घडलेल्याला दोष नाही. खाणाऱ्याचं मन शुद्ध असेल तर अन्न शुद्ध. तोंड धुतलं, देवाचं नाव घेतलं, संपलं. जे वाक्य श्रावणात कुणाला सापडलं नव्हतं, ते आता सगळ्यांच्या तोंडपाठ होतं. सगळे साधु साधु म्हणाले.

"म्हणजे माझा निर्णय चुकला होता," शास्त्रीबुवा म्हणाले. हे शब्द त्या बैठकीच्या भिंतींनी पहिल्यांदा ऐकले.

"चुकला, चुकला!" सगळे आनंदाने ओरडले.

"मग सीताबाई?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "त्यांचं काय, त्या निर्दोषच," विश्वेश्वरभट चरफडत म्हणाले. "उद्यापासून येऊ देत स्वयंपाकाला." मग राहवेना म्हणून पुढे म्हणाले, "पण शास्त्रीबुवा, जाणून पिणाऱ्याचं काय?"

"जाणून खाणाऱ्याला प्रायश्चित्त आहे," शास्त्रीबुवा सावकाश म्हणाले. "पूर्ण."

मंडळींना वाटलं, ते दुधाबद्दल बोलतायत. दाराआड अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सीताबाई तिथेच मटकन बसल्या होत्या आणि रडत होत्या. एवढ्या आरडाओरड्यात आपल्याला खोली परत मिळाली, हेच त्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शास्त्रीबुवा एकटेच घाटावर गेले आणि ओलेत्याने परत आले. अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "आज काय सोडलंत? साखर तर सोडलेलीच आहे."

"साखर तू सोडवलीस. दुधी मला नकोच होता." ते धोतराचा सोगा पिळत राहिले. "आज आवडतं ते सोडलं. लोकांना निर्णय सांगणं."

मला आधी हसू आलं. काशीच्या पंडिताने निर्णय सोडायचा! पण त्याच सकाळी शिंदे घाटाकडचा एक माणूस आला, हात जोडून म्हणाला, "शास्त्रीबुवा, आमच्या सुनेने चुकून एकादशीला भात खाल्ला." शास्त्रीबुवांचे डोळे आपोआप मिटले, ओठ उघडले. ते तोंड मी ओळखते. वाटीवरचं झाकण काढताना ते तसंच व्हायचं. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही." माणूस चकित होऊन निघून गेला. शास्त्रीबुवा दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. साखर सुटली तेव्हासुद्धा त्यांचा जीव इतका कासावीस झाला नव्हता.

आता मी नळीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढी उरलेय. माझ्या बहिणी यायच्या नाहीत. समुद्रात लढाई आहे. बाळकृष्णाला हल्ली बिनगोडीची बासुंदी असते, आणि त्यानेही अजून तक्रार केलेली नाही. छत्रातून सीताबाई कधी कधी आमटी पाठवतात, बिनगुळाची. शास्त्रीबुवा तोंड वेडंवाकडं करतात आणि संपवतात.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. मला साखर म्हणू नका, औषधही म्हणू नका. माझ्यासारखी गोड बोलणारी पुष्कळ येतील, तेव्हा जिभेपेक्षा मुंग्यांवर विश्वास ठेवा. माझं म्हणाल तर माझा शेवट कुठल्या वाटीत व्हायचा ते ठरलंय. परवा डॉक्टर म्हणाला होता, उरलेली कणी फेकून द्या. अन्नपूर्णाबाईंनी बूच घट्ट केलं आणि मला देवघरात बाळकृष्णामागे ठेवून दिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सभा पुन्हा भरेल. पुन्हा कुणा बाईचं काहीतरी मोडेल."